बॅकस्टेजचे दर : संघटनेतले आणि बाहेरचे (ठाणे–नवी मुंबई)

विंगेतला | सोमवार, रात्री ११.५२

मंडळी, बॅकस्टेजवर काम करणारे किंवा त्यांच्याशी रोजचा व्यवहार असणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून विचारतोय. मी सेटवर असतो. लावणं, उतरवणं, ब्लॅकआउटमधले बदल, वेळ पडली तर प्रॉपर्टीही, म्हणजे रंगमंचावर वापरायच्या वस्तूही बघतो. राहायला कळव्याला. ज्या नाटकावर होतो ते थांबलं. आता दोन ठिकाणांहून निरोप आलेत.

पहिलं व्यावसायिक नाटक. सूत्रधार, म्हणजे नाटकाचा व्यवहार बघणारे, म्हणाले, आधी संघटनेचं कार्ड काढ, मग संघटनेच्या दराने नाईट (एका प्रयोगाचे पैसे), प्रयोगाला नाश्ता-जेवण, दौऱ्याला भत्ता. प्रयोग शुक्रवार ते रविवार, सुट्टीच्या दिवशी एखादा जास्तीचा.

दुसरा नवी मुंबईतला एक इव्हेंटवाला. ट्रस (लाइट टांगायचा धातूचा सांगाडा), प्लॅटफॉर्म, एलईडी वॉल. कंपन्यांचे कार्यक्रम, प्रदर्शनं, मधूनच मोठे गाण्याचे शो. कार्ड नाही, संघटना नाही. दिवसाचा रोज मात्र नाटकाच्या नाईटपेक्षा तीन-चारशेनी जास्त. पैसे कधी, तर ‘पार्टीकडून आले की’.

घरच्यांचं म्हणणं सरळ आहे, जास्त देतो तिकडे जा. बरोबरचे म्हणतात कार्ड काढ, पुढे उपयोगी पडतं. नेमकं कशाला ते कोणी सांगत नाही. इथे स्वतःचे आकडे लिहायचे नसतील तर नका लिहू, पण कोण कशाचे पैसे देतं आणि कशाचे देत नाही एवढं तरी सांगा.

खिडकीतून | मंगळवार, सकाळी ७.१०

वाचतेय. धाग्यावर काड्या पडायच्या आत जाणकारांनी लिहा.

पाचपाखाडीकर | मंगळवार, सकाळी ९.२५

विंगेतला, नाईट आणि रोज यांची तुलनाच होत नाही. दोन्हीला तासांनी भागा, मग बोलू. खालचे आकडे निव्वळ हिशेबासाठी धरलेत, कुणाचे खरे दर समजू नका. नाईट १२००, इव्हेंटचा रोज १६००.

गडकरी रंगायतनला दुपारी साडेचारचा प्रयोग. अकराला गोदामावर हजर, टेम्पो भरायचा, तलावपाळीच्या गर्दीतून मागच्या दाराशी न्यायचा. सकाळच्या सत्रातलं नाटक उतरल्याशिवाय तुमचा फ्लॅट (सेटची उभी चौकट) आत जात नाही. प्रयोग सातला सुटला तर पुढच्या सत्रवाल्यांचा टेम्पो आधीच हॉर्न वाजवत उभा. साडेआठला तुमचा सेट टेम्पोत, गोदामात उतरवेपर्यंत दहा. अकरा तास झाले. तासाला १०९ रुपये.

आता त्याच रविवारी रात्री कल्याणला अत्रे रंगमंदिरात दुसरा प्रयोग आहे. गोदामावर परत येईपर्यंत रात्रीचे दोन. पंधरा तास, पण नाईट दोन, म्हणजे २४०० आणि तासाला १६०. हाडं मोडतात ते वेगळं.

इव्हेंटचं काय होतं? हॉल रात्री ताब्यात मिळतो, उभारणी रात्रीच. सकाळी कार्यक्रम, माणूस तिथेच बसून. संध्याकाळी सगळं खाली. बारा तास म्हणून नेलं आणि अठरा तासांनी सोडलं तर तासाला ८९. बाराला खरंच सोडलं तर १३३. तेव्हा आधी विचारा, बारानंतरच्या तासाचे काय देतोस? तो हसला तर उत्तर मिळालं.

आणि महिन्याचं गणित वेगळं मांडा. नाटकाचे महिन्याला बारा प्रयोग धरले तर १४,४००. गणपतीत प्रयोग जवळजवळ बंद, परीक्षांच्या दिवसांत मंदी. इव्हेंटवाल्याचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. पावसाळ्यात दोघंही घरी.

तिकीटबारी | मंगळवार, दुपारी १२.४०

मी सूत्रधार म्हणून काम करतो, म्हणजे या धाग्यावरचा खलनायक मीच. शिव्या खायच्या आधी चार ओळी.

नाईट ही एका प्रयोगाची असते. वेळ मोजून आम्ही कधीच दिली नाही आणि मागितलीही गेली नाही. ज्याला ‘संघटनेचा दर’ म्हणतात तो किमान आहे. जुना माणूस, ज्याच्यावर अंधारात बदल सोडून मी निर्धास्त बाहेर बसू शकतो, त्याला वरचे देतोच. कोणता निर्माता सांगणार नाही, पण देतो.

घोळ कुठे होतो ते सांगतो. नियमित निर्माते ठरलेलं देतात, कारण पुढच्या शुक्रवारी तीच माणसं लागणार असतात. बुडवतात ते हौसेखातर एकच नाटक काढणारे, महोत्सव घेणारे, मंडळं. त्यांना परत तुमचं तोंड बघायचं नसतं.

आणि निर्मात्याचा खिसाही बघा. नाट्यगृहाचं भाडं, वर्तमानपत्रातली जाहिरात, टेम्पो, बस, कलाकारांच्या नाईट, लेखक-दिग्दर्शकाचं मानधन, लाइट आणि साउंडचं भाडं, जेवण. हजारेक खुर्च्यांचं थिएटर अर्धं भरलं की सूत्रधाराला अॅसिडिटी. सरकारी अनुदान मिळतं, पण त्याची फाईल हलेपर्यंत नाटक बंद पडलेलं असतं. नाईट वाढली की सेट आकसतो. दोन खुर्च्या, एक मोडा आणि मागे काळा पडदा अशी नाटकं का वाढली, याचं अर्धं उत्तर टेम्पो आणि माणसं यांच्या खर्चात आहे.

विंगेतला | मंगळवार, दुपारी १.०५

तिकीटबारी काका, खलनायक कशाला. पण मग दुपारी ठाण्यात एक, रात्री कल्याणला एक, असा दिवस निघाला तर दोन नाईट मिळतात ना नक्की? माझ्या एका मित्राला ‘दीड’ मिळाली होती.

तिकीटबारी | मंगळवार, दुपारी १.२०

आमच्याकडे दोन म्हणजे दोन. दीड देणाऱ्याला विचारा, पहिल्या प्रयोगाचं तिकीट अर्ध्या किमतीत विकलं का?

कपडेपट | मंगळवार, दुपारी ३.३०

सगळे सेटचे तास मोजताहेत, छान. माझे मोजाल का?

मी कपडेपट सांभाळते. रविवारचा प्रयोग संपला की घामाने भिजलेले कपडे पेटीतून घरी येतात. सोमवारी धुवायचे, काही ड्रायक्लीनला टाकायचे, मंगळवारी इस्त्री, तुटलेली हुकं, उसवलेली किनार. गुरुवारी पेटी भरून तयार. ह्या चार दिवसांचे पैसे कुठल्या नाईटमध्ये बसतात? धुलाईचं बिल मिळतं, माझ्या हाताचं नाही. नऊवारीची इस्त्री करून बघा एकदा, मग सेट जड की साडी ते ठरवू.

दुसरं म्हणजे रात्रीचं घरी पोचणं. बस सगळ्यांना दादरला सोडणार, आणि मला जायचंय डोंबिवलीला. शेवटची गाडी चुकली की रिक्षाचे पैसे कोणाचे? हे दरात लिहिलेलं हवं. दर वेळी सूत्रधारापुढे हात पसरायला लाज वाटते, आणि ते बिचारे देतातही, पण उपकार केल्यासारखे.

खिडकीतून | मंगळवार, दुपारी ३.४१

ताई, +१०००.

नौपाड्याचा नाना | मंगळवार, संध्याकाळी ६.१५

सध्या मुक्काम न्यू जर्सी, मुलाकडे नव्हे, नोकरीला. इथल्या एका छोट्या थिएटरात हौसेने प्रकाशयोजनेचं काम करतो, त्यामुळे दोन्ही बाजू जवळून दिसतात.

न्यूयॉर्कमधल्या रंगमंच कामगारांची संघटना, लोकल वन, १८८६ सालची. ती ज्या महासंघात आहे तो आयात्सी १८९३ चा. म्हणजे बालगंधर्व पाच वर्षांचे होते तेव्हा. ह्यांचा करार वाचला तर दराचा आकडा एका ओळीत असतो आणि बाकीची पानं अटींची. माणसाला बोलावलं की काम तासाभराचं असलं तरी किमान चार तासांचे पैसे. आठ तासांनंतर दीडपट. जेवणाची सुट्टी वेळेवर दिली नाही तर त्याचा दंड वेगळा. पुष्कळ ठिकाणी मध्यरात्रीनंतर दुप्पट. सेट आत आणायला किती माणसं, प्रयोगाला किती, बाहेर काढायला किती, हेही लिहिलेलं.

त्या माणसांच्या संख्येवरूनच २००७ च्या नोव्हेंबरात ब्रॉडवेवर संप झाला. एकोणीस दिवस बहुतेक थिएटरं अंधारात. निर्माते म्हणत होते, सेट आत आणताना गरज नसताना आम्हाला माणसं घ्यावी लागतात. संघटना म्हणत होती, आज गरज नाही म्हणाल, उद्या चौघांचं काम दोघांवर टाकाल. २०१३ मध्ये कार्नेगी हॉलच्या हंगामाचा पहिला कार्यक्रम संपामुळे रद्द झाला. त्या वेळी वर्तमानपत्रांत छापून आलं की तिथल्या कायम स्टेजहँडना वर्षाला ओव्हरटाइम धरून चार लाख डॉलरच्या वर मिळतात. लोकांचे डोळे पांढरे झाले. पण ते मोजके पाच जण. सगळ्यांचं तसं नसतं.

बाहेरच्यांचं काय? मी जातो त्या थिएटरात संघटना नाही. तासावर पैसे, राज्याच्या किमान वेतनाच्या थोडे वर. विमा नाही, पेन्शन नाही. मोठ्या थिएटरात गर्दीच्या वेळी सदस्य नसलेल्यांनाही घेतात, त्याला ओव्हरहायर म्हणतात, आणि त्यांना दर मात्र सदस्यांचाच द्यावा लागतो. हे मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. बाहेरचा माणूस स्वस्त पडत नाही, म्हणून आतल्याला काढून बाहेरचा घ्यायचा मोह होत नाही.

पाचपाखाडीकर | मंगळवार, संध्याकाळी ६.४०

नाना, मस्त माहिती. पण ब्रॉडवेचं तिकीट शंभर-दीडशे डॉलरचं, आपलं पाचशे रुपयांचं, आणि त्यालाही ‘पार्किंग मिळत नाही हो’ म्हणून लोक येत नाहीत. तिकडचे आकडे इकडे लावून उपयोग नाही.

नौपाड्याचा नाना | मंगळवार, संध्याकाळी ६.५२

आकडे कुठे लावले? किमान कॉलची, म्हणजे बोलावलं की किमान चार तासांच्या पैशांची अट फुकट आणता येते. त्याला डॉलर लागत नाहीत.

झोपाळू | मंगळवार, संध्याकाळी ७.३०

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

पालिकेचा माणूस | मंगळवार, रात्री ९.०५

नाट्यगृह कुठलं ते सांगत नाही, नोकरी करायची आहे. आमच्या रंगमंचावर एकाच वेळी तीन प्रकारची माणसं उभी असतात. एक आमच्यासारखी पालिकेची कायम. वेतन आयोग, सुट्ट्या, संघटना, सगळं. दुसरी ठेकेदाराची. काम आमचंच, गणवेशही जवळपास तोच, पगार निम्म्याहून कमी आणि त्यातही महिना उलटून पंधरवडा गेल्यावर. तिसरी नाटकाबरोबर आलेली, म्हणजे विंगेतला यांच्यासारखी. बॅटनचा (पडदे-लाइट टांगायच्या आडव्या दांड्याचा) दोर तिघंही ओढतात.

वर चढून स्पॉट फिरवताना पडला तर? आमच्यासाठी पालिका आहे. ठेकेदाराच्या माणसाचा ईएसआय, म्हणजे कामगार विमा, भरला असेल तर भरला असेल. नाटकवाल्याच्या माणसाला आधी सहकारी वर्गणी काढून रिक्षात घालतात. दर ठरवताना हे मोजा. विंगेतला, तुमच्या इव्हेंटवाल्याचा ट्रस किती उंच जातो ते माहीत आहे ना? नाटकाचा फ्लॅट सहसा दहा-बारा फूट असतो.

वेतनचिठ्ठी | बुधवार, सकाळी १०.००

कामगार कायद्याचं काम करते, म्हणून थोडं नेमकं लिहिते.

‘पार्टीकडून आले की’ हे कायद्यात बसत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या आहेत. वेतन संहितेनुसार रोजंदारीवरच्या माणसाला पाळी संपताना पैसे द्यायचे असतात, आठवड्यावर असेल तर आठवड्याच्या सुट्टीआधी, महिन्यावर असेल तर पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. मालकाचं पुढच्या पार्टीकडून काय यायचं आहे याच्याशी कामगाराचा संबंध नाही. ठरलेल्या तासांवरच्या कामाला दर किमान दुप्पट.

आणखी एक. १९४८ चा किमान वेतन कायदा ठरावीक उद्योगांच्या यादीपुरता होता. तुमचं काम यादीत बसतं का यावरच वाद व्हायचा. नव्या संहितेत यादी गेली, किमान वेतन सगळ्याच कामगारांना. शिवाय दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत प्रत्येकाला नियुक्तीपत्र द्यायचं आहे.

अडचण अशी की निर्माता म्हणतो, हा माझा कामगारच नाही, हा स्वतंत्र कारागीर, प्रयोगापुरता येतो. मग वाद सुरू होतो तो तुम्ही कोण यावर, आणि पैशाचा मुद्दा मागे पडतो. म्हणून चिठ्ठी हवी. व्हॉट्सअॅपवरचा मेसेजही चालेल, पण तारीख, तास, दर, कुणाच्या सांगण्यावरून, एवढं त्यात हवं.

१९८१ चा सिने कामगारांचा कायदा बरेच जण दाखवतात, त्याच्या नावात ‘थिएटर’ आहे म्हणून. ते थिएटर म्हणजे चित्रपटगृह. नाटकाचा त्याच्याशी संबंध नव्हता.

कोपरखैरणे सेक्टर | बुधवार, सकाळी ११.३५

इथे सगळे ब्रॉडवेपर्यंत जाऊन आले, वाशी खाडीपलीकडे कोणी बघितलं नाही.

माझे वडील तुर्भ्याच्या धान्य बाजारात माथाडी. त्याआधी मस्जिद बंदरला. त्यांच्या कामाचं स्वरूप सांगतो, तुमचंच वाटेल. टोळीने काम, मुकादम, मालक रोज वेगळा. आज या गाळ्यावर गाडी रिकामी केली, उद्या त्या. कोणताही व्यापारी म्हणणार, हा माझा नोकर नव्हे, आणि एका अर्थी खरंच. मालक इतके की जबाबदार कोणीच नाही. अण्णासाहेब पाटलांनी लढून १९६९ चा माथाडी कायदा मिळवला तो नेमका या अडचणीवर. कामगाराची नोंद मंडळाकडे, व्यापाऱ्याची नोंदही मंडळाकडे. व्यापारी मजुरी आणि वर ठरावीक टक्के लेव्ही मंडळात भरतो. मंडळ महिन्याला पगार वाटतं आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा, बोनस, औषधपाणी बघतं. मंडळावर कामगार, मालक आणि सरकार तिघांचे लोक. दर पोत्यावर, पण हक्क महिन्याच्या पगारदाराचे.

आमचं कोपरखैरण्याचं घर त्या बळावर झालं. वडिलांना पेढीवरच्या एकाही शेटजीचं नाव आज आठवणार नाही, मंडळाचा नोंदणी क्रमांक मात्र पाठ आहे.

नाटकाला हेच का नको? प्रयोगागणिक निर्मात्याने नाईट आणि वर लेव्ही भरायची. नाट्यगृहाची तारीख पालिका देते, तिथेच लेव्हीची पावती मागायची. पावती नाही, तर पडदा नाही. ठाण्यात गडकरी आणि घाणेकर, वाशीत भावे, डोंबिवलीत फुले, कल्याणात अत्रे, पनवेलला फडके. दारं मोजकी आहेत, बाजार समितीच्या गेटांसारखीच.

तिकीटबारी | बुधवार, दुपारी १२.२०

कोपरखैरणे, कल्पना विचार करायला लावणारी आहे, पण दोन हरकती. बाजारात माल रोज येतो. मंडळाचा कारभार चालवायला रोजची आवक लागते. आमच्याकडे आठवड्याला तीन दिवस. दुसरं, माथाडीच्या नावाखाली ज्या टोळ्या दारात येऊन ‘आमचीच माणसं घ्या, नाहीतर न उचलताही पैसे द्या’ म्हणतात, त्यांचा अनुभव नवी मुंबईतल्या कुठल्याही कारखानदाराला विचारा. नाट्यगृहाच्या दाराशी तसं झालं तर नाटक करणारा उद्या हॉटेल काढेल.

कोपरखैरणे सेक्टर | बुधवार, दुपारी १२.४५

खंडणीवाले माथाडी नव्हेत. खऱ्या माथाडीलाच त्यांचा जास्त ताप आहे, वडिलांसमोर म्हणालात तर कळेल. आणि रोजची आवक नाही, म्हणून तर मंडळ हवं. रोज काम असतं तर एकाच मालकाने पगारावर ठेवलं असतं.

वेतनचिठ्ठी | बुधवार, दुपारी १.१५

‘आमचीच माणसं घ्या’ यावरून एक नोंद. सिनेमाच्या संघटना आणि निर्मात्यांच्या करारातली, फक्त सदस्यांनाच काम द्या अशा प्रकारची अट भारतीय स्पर्धा आयोगाने २०१७ मध्ये गैर ठरवली होती. दर ठरवून मागणं हा संघटनेचा हक्क, बाहेरच्याला दार बंद करणं ही वेगळी गोष्ट. म्हणून नानांनी सांगितलेली पद्धत, माणूस कुठलाही असो, दर एकच, ही कायद्याच्या दृष्टीनेही सोपी आहे.

एकांकिकावाला | बुधवार, दुपारी २.००

प्रश्न : आम्ही स्पर्धेसाठी स्वतःच सेट लावतो, लाइट ऑपरेट करतो, फुकट. वडापाववर. आमच्यामुळे दर पडतात का?

तिकीटबारी | बुधवार, दुपारी २.०८

तुमच्या एकांकिकेमुळे नाही. तीच मुलं नंतर ‘अनुभव मिळेल’ म्हणून व्यावसायिक दौऱ्यावर निम्म्या नाईटवर जातात, तेव्हा पडतात.

कपडेपट | बुधवार, दुपारी २.३०

आणि त्यांना नेणारे सूत्रधारच असतात, काका.

तिकीटबारी | बुधवार, दुपारी २.३३

असतात. मी नाही म्हटलं का?

उमा_ऐरोली | बुधवार, रात्री ८.४५

कार्डाचा उपयोग काय असं विंगेतला यांनी विचारलं होतं, त्याचं उत्तर राहूनच गेलं. माझा नवरा साउंडवर आहे. मार्च २०२० ला सगळं बंद झालं. मधे निम्म्या खुर्च्यांवर उघडलं, परत बंद, मग २२ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा अर्ध्या क्षमतेने. त्या काळात शिधा, थोडीफार रक्कम, जे काही वाटप झालं ते याद्यांवरून. यादी कुठून आली? ज्याचं नाव कुठल्यातरी संघटनेच्या वहीत होतं त्याला फोन आला. इव्हेंटवाल्याकडे काम करणारा आमच्याच इमारतीतला मुलगा, त्याचा कंत्राटदार फोनच उचलत नव्हता. त्याने शेवटी ऐरोलीत भाजीची गाडी लावली.

ई-श्रम कार्ड (असंघटित कामगारांची सरकारी नोंद) काढलंत का, विंगेतला? संघटना असो नसो, ते काढा. आणि बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा, वर्षाला वीस रुपये, अपघाती मृत्यूला दोन लाख. ट्रसवर चढणार असाल तर वीस रुपयांचा विचार करू नका.

पाचपाखाडीकर | गुरुवार, सकाळी ८.५०

एक कोणी बोललं नाही, प्रवासाचा वेळ. घाणेकरला प्रयोग असला की टेम्पो कापूरबावडीला अडकणार हे गृहीत. घोडबंदर रोडवर दोन तास गेले तर ते तास कुणाचे? नाईट प्रयोगाची असेल तर माझे. तासावर असेल तर निर्मात्याचे. निर्माते तासावर यायला का तयार नाहीत, ते मेट्रोच्या खांबांना विचारा.

विंगेतला | गुरुवार, रात्री १०.३०

सगळ्यांचे आभार. एवढं वाचून मी एक मेसेज तयार केला आणि दोन्हीकडे पाठवला. चार मुद्दे :

१. बोलावल्यापासून सोडेपर्यंतचा वेळ धरायचा. बारा तासांवर गेला तर पुढच्या तासाचे पैसे वेगळे.
२. पैसे प्रयोगाच्या किंवा कार्यक्रमाच्या दिवशी, फार तर आठवड्यात.
३. रात्री बारानंतर सुटलो तर घरापर्यंत सोय किंवा रिक्षाचे पैसे. (हा कपडेपट ताईंचा.)
४. आदल्या दिवशी संध्याकाळनंतर रद्द झालं तर निम्मे पैसे.

इव्हेंटवाल्याचं उत्तर : ‘भाऊ १ आणि ३ बघू. २ जमणार नाही. ४ काय असतं?’ मग फोन करून म्हणाला, असं लिहून वगैरे मागणारी माणसं आमच्याकडे टिकत नाहीत. मी म्हटलं, बारा तासांनंतरचे पैसे मिळत नसतील तर कशी टिकतील. त्याने रोजात शंभर वाढवले, बाकी काही हललं नाही.

नाटकाच्या सूत्रधारांनी २ आणि ३ ला लगेच हो म्हटलं. १ वर म्हणाले, तास नको, दोन प्रयोगांना दोन नाईट आणि सेटची तालीम असेल तर तिची अर्धी नाईट, हे लिहून देतो. ४ वर अजून गप्प आहेत.

वेतनचिठ्ठी | गुरुवार, रात्री १०.४८

तालमीची अर्धी नाईट लिहून मिळाली? ती पुष्कळांना तोंडीसुद्धा मिळत नाही. स्क्रीनशॉट जपून ठेवा.

कपडेपट | गुरुवार, रात्री १०.५५

तिसरा मुद्दा सूत्रधारांना पटला! आता पाचवा घाला, घरी नेलेल्या कामाचे पैसे.

तिकीटबारी | गुरुवार, रात्री ११.१०

४ वर ते गप्प का आहेत ते सांगतो. प्रयोग आम्ही रद्द केला, म्हणजे बुकिंग नाही म्हणून किंवा नटाला मालिकेचं शूटिंग लागलं म्हणून, तर निम्मी नाईट द्यायलाच हवी. मी माझ्या माणसांना देतो. पण नाट्यगृह आयत्या वेळी दुसऱ्या कार्यक्रमाला दिलं गेलं, किंवा पावसाने गाड्या बंद पडल्या, तर माझंही भाडं आणि जाहिरात अडकलेली असते. त्या दोन कारणांना सूट मागा, ते सही करतील.

विंगेतला | गुरुवार, रात्री ११.२२

नाट्यगृह काढून घेतलं तर कबूल. पावसाचं मात्र जरा नीट लिहा काका. गाड्या बंद म्हणजे कुठल्या? मागच्या पावसात कुर्ल्याला पाणी होतं, मी कळव्याहून स्लो गाडीने वेळेवर पोचलो होतो आणि प्रयोग ‘पावसामुळे रद्द’.

तिकीटबारी | गुरुवार, रात्री ११.३०

मध्य रेल्वेने ठाण्यापुढची वाहतूक बंद जाहीर केली तर. आणि तुम्ही थिएटरच्या दाराशी पोचल्यावर रद्द झालं, तर कारण काहीही असो, निम्मी नाईट. असं लिहून पाठवा त्यांना. उद्या सकाळी मीही बोलतो, ओळखीचे आहेत.

कोपरखैरणे सेक्टर | गुरुवार, रात्री ११.४१

हीच चिठ्ठी सगळ्यांनी सगळ्यांना पाठवली तर? कोणीतरी जरा नीट टाईप करा. मी भावेला येणाऱ्या मुलांच्या ग्रुपवर टाकतो.

वेतनचिठ्ठी | शुक्रवार, सकाळी ९.१५

मसुदा करते, रविवारपर्यंत. पाचवा मुद्दा धरून.